ओव्हलच्या अकरा सह्या : महिना दीडशे रुपयांत जमवलेल्या एका संग्रहाचे प्रकरण

२४ ऑगस्ट १९७१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरवले आणि इंग्लंडच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच विजयाने मालिकाही जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सांगलीतल्या एका वाड्यात शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती जमलेल्या माणसांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता, आणि बत्तीस वर्षांनी, जून २००३ मध्ये, एका सहकारी बँकेत लिपिक असलेल्या त्याच मुलाने त्या सामन्यात खेळलेल्या अकराही भारतीय खेळाडूंच्या अस्सल सह्या जमवायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती. छंदावर महिन्याला दीडशे रुपयांहून अधिक खर्च करायचा नाही. शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात ओढायची, पण उसनवार करायची नाही. मी त्यांना या छंदाच्या आधीपासून ओळखतो. त्यांनी या काळातली जमाखर्चाची वही मला पूर्ण वाचू दिली, आणि तिच्या आधारानेच हे प्रकरण लिहीत आहे. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा उल्लेख येथे केवळ 'संग्राहक' असा करतो.

ते अकरा जण असे : सुनील गावसकर, अशोक मांकड, अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, गुंडाप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, फारुख इंजिनियर, सय्यद अबिद अली, श्रीनिवास वेंकटराघवन, बिशनसिंग बेदी आणि भागवत चंद्रशेखर. यांपैकी सहा जण मुंबईकडून खेळलेले होते. संग्राहकांनी काम हाती घेतले तेव्हा अकराही जण हयात होते, आणि हीच गोष्ट त्यांना निर्धास्त करणारी ठरली.

सुरुवात टपालाने झाली. एका पाकिटात हाताने लिहिलेले एका पानाचे पत्र, एक कोरे पांढरे कार्ड आणि स्वतःचा पत्ता लिहून पाच रुपयांचे तिकीट लावलेले परतीचे पाकीट, असा एकेका पत्राचा ऐवज असे. कार्डे छापखान्यातल्या उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्यांतून कापून घेतलेली असल्यामुळे एका पत्राचा सगळा खर्च पंधरा रुपयांच्या आत बसत असे. पत्राचा मजकूर ते फार विचारपूर्वक लिहीत. 'मी आपला मोठा चाहता आहे' या वाक्यापाशी न थांबता त्या खेळाडूच्या एका विशिष्ट खेळीविषयी किंवा झेलाविषयी दोन ओळी लिहायच्या, सही एकच मागायची आणि ती स्वतःचे नाव घालून मागायची, हा त्यांचा नियम होता. शेवटच्या गोष्टीमागे व्यवहार आहे. नाव घातलेली सही बाजारात कमी किमतीला जाते, म्हणून विकणारे लोक नेहमी बिननावाची सही मागतात, आणि अनेक वर्षे सह्या दिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. ज्याला विकायचेच नाही त्याने नाव घालून घेण्यात काहीच गमावलेले नसते, उलट विश्वास कमावलेला असतो.

पहिल्या दोन वर्षांत आठ पत्रे गेली. तीन उत्तरे आली, एक पाकीट 'पत्त्यावर राहत नाही' या शेऱ्यासह परत आले आणि चार पत्रांचे काय झाले ते कधीच समजले नाही. कोणाकडून उत्तर आले हे संग्राहकांनी मला सांगितले आहे, पण ते येथे नावानिशी देणे मला योग्य वाटत नाही. हयात असलेले खेळाडू आता पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत आणि अशा एका वाक्यानेही त्यांच्या दारी पत्रांचा ढीग पडू शकतो.

चूक झाली ती क्रमवारीत. संग्राहकांनी सर्वांत नामवंत खेळाडूंना आधी लिहिले आणि सोलकर मुंबईतच आहेत, कधीही भेटता येईल, अशा भरवशावर त्यांचे पत्र मागे ठेवले. २६ जून २००५ रोजी सोलकर गेले. वहीत त्या तारखेला एकच शब्द आहे : 'राहिले.' पुढे २ जुलै २००७ रोजी सरदेसाई आणि १ ऑगस्ट २००८ रोजी मांकड गेले. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात अकरांपैकी तीन खेळाडू टपालाच्या आवाक्याबाहेर गेले आणि त्या तिघांचीही सही संग्राहकांकडे नव्हती.

यावर सर्वसाधारणपणे असे सुचवले जाते की वयाने मोठ्या खेळाडूंना आधी गाठावे. मला हा सल्ला अपुरा वाटतो. सोलकर १९४८ मध्ये जन्मलेले, म्हणजे त्या संघातल्या सर्वांत तरुण खेळाडूंपैकी एक होते. १९३८ मध्ये जन्मलेल्या इंजिनियर यांच्यापासून वयाच्या क्रमाने खाली येत गेले असते तरी सोलकरांचे पत्र अगदी शेवटीच निघाले असते. खरा प्रश्न वयाचा नसून उपलब्धतेचा आहे. डॉन ब्रॅडमन यांचे उदाहरण संग्राहकांमध्ये सर्वपरिचित आहे : जगातला सर्वांत मोठा फलंदाज असूनही त्यांनी आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना इतक्या नेमाने उत्तरे दिली की त्यांच्या सह्या विपुल आहेत आणि साध्या कागदावरची सही त्यांच्या कीर्तीच्या मानाने अजूनही आटोक्यातल्या किमतीला मिळते. याच्या उलट, २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या, ओव्हलवर दुसऱ्या डावात ॲलन नॉटचा झेल अक्षरशः बॅटपासून हातभर अंतरावर टिपणाऱ्या सोलकरांची सही त्या काळी पुष्कळांनी घेतली असेल, पण जपून फार थोड्यांनी ठेवली. गावसकरांच्या सहीचा कागद घरातला माणूस फेकत नाही. सोलकरांचा कागद मात्र घर बदलताना रद्दीत जातो. म्हणून ज्याची कीर्ती त्याच्या कामगिरीपेक्षा कमी आहे, त्याची सही आधी मिळवावी; तो हयात असताना ती जवळजवळ फुकट असते आणि नंतर पैसे असूनही सापडत नाही. क्षेत्ररक्षक, यष्टिरक्षक, बारावा खेळाडू, पंच, रणजी गाजवून कसोटीच्या उंबरठ्यावर राहिलेली माणसे, हे सगळे या वर्गात येतात.

तीन जागा रिकाम्या झाल्यावर संग्राहकांनी पद्धत बदलली. यापुढे पैसा कमी असेल तर माहिती जास्त हवी, या विचाराने त्यांनी प्रत्येक खेळाडू १९७१ च्या आगेमागे कोठे कोठे खेळला याची टिपणे काढली, आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. इंजिनियर लँकेशायरकडून अनेक मोसम खेळले, बेदी नॉर्थम्प्टनशायरकडून आणि वेंकटराघवन डर्बीशायरकडून खेळले. इंग्लंडमधल्या अशा कौंटी, म्हणजे परगण्यांच्या, संघांत संघाची नावे छापलेल्या पत्रकावर सर्व खेळाडूंनी सह्या करून ते पत्रक पत्राने मागणाऱ्यांना पाठवण्याची जुनी रीत होती, त्यामुळे सत्तरच्या दशकातली अशी पत्रके तेथे भरपूर आहेत आणि इंग्रज खरेदीदाराला डर्बीशायरच्या एका मधल्या मोसमाच्या पत्रकाचे फारसे अप्रूप नाही. ज्या सहीला मुंबईत 'भारतीय कसोटीवीराची सही' म्हणून भाव येतो, तीच सही तेथे सतरा नावांतले एक नाव असते. संग्राहकांचा भाचा नोकरीनिमित्त लीड्सला होता. २००९ मध्ये त्याने आठ पत्रकांचा एक गठ्ठा मिळून चौदा पौंडांना घेतला आणि सुटीवर येताना सामानात आणला. वहीत हा खर्च १,०५० रुपये असा नोंदला आहे. सात महिन्यांची शिल्लक त्यात गेली, पण एका व्यवहारात तीन जागा भरल्या आणि उरलेली पाच पत्रके अदलाबदलीला हाताशी राहिली.

त्या पाचांपैकी एक पत्रक मडगावच्या एका संग्राहकाकडे गेले आणि बदल्यात सरदेसाईंची सही आली. हा योगायोग नव्हता. सरदेसाई मूळचे मडगावचे, वेस्ट इंडीजमध्ये १९७१ साली ६४२ धावा करून ते गोव्यात देवासारखे पुजले गेले, तेव्हा त्यांच्या सह्या तेथे जपून ठेवलेल्या असणार असा संग्राहकांचा कयास होता. या अदलाबदलीचा रोख खर्च कुरिअरचे १२० रुपये एवढाच आहे. मी या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग यालाच म्हणेन. वस्तू जेथे नेहमीची असते तेथे घ्यावी आणि जेथे प्रिय असते तेथे शोधावी. दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी ती परवडते.

त्यांच्या अदलाबदलीच्या भांडवलाचा दुसरा स्रोत क्रिकेटशी संबंधित नव्हता. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि सांगलीतल्या रद्दीच्या दुकानांत ते दर वेळी मराठी पुस्तकांची पहिली दोन पाने उलटून पाहत. आपल्याकडे लेखक पुस्तक देताना 'सप्रेम भेट' लिहून खाली सही करतो, आणि ज्याला ते पुस्तक दिले त्याच्या पश्चात वारस ते किलोच्या भावाने विकतो. वीस-तीस रुपयांच्या पुस्तकात एखाद्या ज्येष्ठ कवीची तारखेसह सही मिळणे ही दर काही महिन्यांनी घडणारी गोष्ट आहे. संग्राहकांनी अशा पुस्तकांवर एकूण ७०० रुपये खर्च केले आणि साहित्यिकांच्या सह्या जमवणाऱ्यांकडून त्या बदल्यात क्रिकेटपटूंनी सही केलेले साहित्य घेतले. गावसकर, वाडेकर, विश्वनाथ, अबिद अली आणि चंद्रशेखर या पाच जागा टपाल, प्रत्यक्ष भेट आणि अशी अदलाबदल या तीन मार्गांनी भरल्या.

२०११ मध्ये या विजयाला चाळीस वर्षे झाली. त्याच वर्षी भारताने विश्वचषक जिंकल्यामुळे क्रिकेटच्या जुन्या वस्तूंची मागणी एकाएकी वाढली होती. मुंबईच्या एका विक्रेत्याने संग्राहकांना एक बॅट दाखवली. '१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात संपूर्ण संघाने सही केलेली', किंमत १८,००० रुपये, सोबत विक्रेत्याच्याच संगणकावर छापलेले सत्यतेचे प्रमाणपत्र. अकराही नावे तिच्यावर होती, सोलकर आणि मांकड धरून. संग्राहकांनी आयुष्यात पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा विचार केला, हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. आठ वर्षे शोधलेली गोष्ट एका लाकडी फळीवर समोर आली असता मोह होणे स्वाभाविक आहे.

त्या बॅटवर सलीम दुराणी यांचीही सही होती, आणि त्या एका सहीने हा प्रश्न निकालात निघाला. दुराणी १९७१ च्याच वेस्ट इंडीज दौऱ्यावर होते, पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात सोबर्स आणि लॉईड यांना लागोपाठ बाद करणारे तेच. पण इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नव्हती. विक्रेत्याला हे सांगताच त्याने बॅट वेस्ट इंडीज दौऱ्याची असावी असे सुचवले, आणि तेथे तो अधिकच अडकला, कारण बॅटवर इंजिनियर आणि चंद्रशेखर या दोघांच्या सह्या होत्या व ते दोघेही वेस्ट इंडीजला गेले नव्हते. म्हणजे १९७१ चे दोन दौरे कोणीतरी आठवणीने एकत्र करून यादी केली होती. नंतर कधी तरी एखाद्या समारंभात सगळ्यांनी मिळून सही केली असेल ही शक्यता उरते, पण विक्रेत्याचा दावा तो नव्हता. हे कळल्यावर इतर खुणाही स्पष्ट दिसू लागल्या : सगळ्या सह्या एकाच मार्करने, एकाच दाबाने केलेल्या, एकही सही दुसरीवर न चढलेली, आणि प्रत्येकीभोवती सारखी मोकळी जागा. खरी संघबॅट ड्रेसिंगरूममध्ये हातोहात फिरते; कोणी घाईत, कोणी उभ्या उभ्या, कोणी दुसऱ्याच्या नावाच्या शेपटीवर सही करतो.

बनावट सह्यांचा हा धंदा आपल्यापुरता नाही. अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम हाती घेऊन खेळाडूंच्या खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या होत्या, आणि त्या मालासोबतही प्रमाणपत्रे असतच. विकणाऱ्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला, माझ्या मते, रद्दीच्या कागदाइतकेच मोल द्यावे. कमी पैशांत तपासणी करायची असेल तर साठ-सत्तर रुपयांचे बहिर्गोल भिंग पुरते. छापलेल्या सहीत शाईऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. रबरी शिक्क्याच्या सहीत कडांना शाई जमलेली असते आणि रेषांची जाडी दाबानुसार बदलत नाही. बॉलपेनच्या खऱ्या सहीची चर कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागते आणि जेथे दोन रेषा छेदतात तेथे कोणती आधी ओढली हे कधी कधी भिंगातून कळते. नक्कल करणारा माणूस सावकाश लिहितो, म्हणून त्याच्या रेषेत कंप असतो आणि शेवट टोकदार न होता बोथट होतो. मात्र या सगळ्यापेक्षा दुराणी इंग्लंडला गेले नव्हते, ही माहिती अधिक उपयोगाची ठरली, आणि ती फुकट होती.

सोलकर शेवटी २०१४ मध्ये पुण्याच्या जुन्या बाजारात सापडले. कोण्या शाळकरी मुलीची कापडी बांधणीची स्वाक्षरी-वही होती. बहुतेक पानांवर मैत्रिणींनी लिहिलेल्या चारोळ्या आणि वाळलेली पाने, आणि मध्येच एका गुलाबी पानावर निळ्या शाईत सोलकरांची सही, खाली मुलीच्या अक्षरात 'वानखेडे, जानेवारी १९७५'. त्याच महिन्यात वानखेडे स्टेडियमवरचा पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजविरुद्ध झाला होता आणि सोलकरांनी आपले एकमेव कसोटी शतक, १०२ धावा, तेथेच केले होते. सही, तारीख, जागा आणि वहीचे जुनेपण या सगळ्यांचा मेळ बसत होता. दुसऱ्या कोणाला फसवण्यासाठी कोणी चाळीस पाने मैत्रिणींच्या चारोळ्यांनी भरत नाही.

विक्रेत्याने ८० रुपये मागितले होते. संग्राहकांनी ते पान उघडून त्याला दाखवले, ही कोणाची सही आहे आणि आपण ती किती वर्षे शोधत आहोत हेही सांगितले, आणि ५०० रुपये दिले. छंदातल्या काही जणांनी त्यांना यासाठी वेड्यात काढले आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्याला आपण काय विकतो हे ठाऊक नाही त्याच्या अज्ञानावर संग्रह उभा करणे मला पटत नाही. आणि व्यवहार म्हणूनही पाहिले तर त्या विक्रेत्याने पुढच्या पाच वर्षांत तीन वेळा स्वतःहून फोन करून जुन्या स्मरणिका दाखवायला बोलावले. संग्राहकांनी आणखी एक गोष्ट केली, तिचे मला विशेष वाटते : सोलकरांचे पान वहीतून कापले नाही. इतर दहा सह्या एका अल्बममध्ये आहेत. सोलकरांच्या जागी छायाप्रत लावलेली असून त्या मुलीची वही अखंड, वेगळी ठेवलेली आहे. वहीवर आडनाव नसल्यामुळे तिचा शोध लागला नाही.

जपणुकीत मात्र दोन चुका झाल्या आणि त्या भरून आल्या नाहीत. २००४ मध्ये टपालाने आलेले पहिले कार्ड त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतले. त्या उष्णतेने आणि गोंदाने कागद कायमचा प्लॅस्टिकला चिकटला, आता तो पिवळा पडत आहे आणि सोडवता येत नाही. दुसरे एक कार्ड बाजारात मिळणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवले होते. दोन पावसाळ्यांनी सहीची अर्धी शाई पाकिटाच्या आतल्या बाजूला उमटलेली आढळली. त्यानंतर त्यांनी पॉलिप्रोपिलीनची पाकिटे, आम्लरहित कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या वापरायला सुरुवात केली. भिंतीवर मूळ सही न लावता तिची छायाप्रत लावावी हेही ते तेव्हापासून पाळतात, कारण उन्हाने बॉलपेनची आणि मार्करची शाई काही वर्षांत विटते. या सगळ्या साहित्यावर १,९०० रुपये गेले, जमाखर्चाच्या वहीतला हा सर्वांत मोठा आकडा आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी करायला हवा होता असा खर्चही हाच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी ऐकत त्यांनी अल्बम आणि वही हवाबंद डब्यात घालून माळ्यावर चढवली. खालच्या खोलीत तीन दिवस पाणी होते. कपाट गेले, पुस्तके गेली, सह्या राहिल्या.

टपाल ४१० रुपये, इंग्लंडचा गठ्ठा १,०५०, कुरिअर १२०, पुस्तके ७००, स्वाक्षरी-वही ५००, साठवणीचे साहित्य १,९०० आणि मुंबई संघाचे एक पत्रक १,८००. अकरा जागांसाठी झालेला सतरा वर्षांचा हा सगळा खर्च ६,४८० रुपये भरतो. ती बॅट याच्या जवळजवळ तिप्पट किमतीची होती.

यादीतली शेवटची रक्कम मांकडांसाठी आहे. सत्तरच्या दशकातल्या एका प्रदर्शनीय सामन्याचे ते पत्रक २०२० च्या सुरुवातीला घेतले, त्यावर मांकडांची सही आहे आणि कागद, शाई, काळ यांत कोठेही विसंगती नाही. तरीही त्या सहीचा कल आणि 'ए' या अक्षराचे वळण शेजारच्या एका अपरिचित खेळाडूच्या सहीशी फार जुळते. संघपत्रकावर गैरहजर सहकाऱ्याची सही दुसऱ्याने करून टाकण्याचे प्रकार सर्व देशांत झालेले आहेत, आणि ती लबाडी नसून पत्रक पूर्ण करण्याची घाई असते. संग्राहकांनी तुलनेसाठी मांकडांच्या इतर चार सह्यांच्या छायाप्रती मिळवल्या. दोन जुळतात, दोन जुळत नाहीत. पत्रक अल्बममध्ये मांकडांच्या पानावर लावलेले आहे आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे : 'संशयित. दुसरी मिळेपर्यंत.' मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर मुंबईतल्या जुन्या कार्यालयीन क्रिकेट स्पर्धांच्या स्मरणिकांची यादी होती, आणि त्यातल्या सहा नावांपुढे टपालाची तारीख टाकलेली होती.